संदर्भ तुटतो तेव्हा: अ‍ॅक्सेसमधल्या लायब्ररींची यादी कोडने कशी वाचायची

मी फरीदाबादहून बोलतेय. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, महाराष्ट्रात कुठेही असा, आजचा विषय तुमच्या ऑफिसातल्या कुठल्या तरी एका संगणकावर लागू पडणार आहे. विषय आहे मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस, आणि त्यातही एक छोटा कोपरा: आपला डेटाबेस बाहेरच्या कोणकोणत्या लायब्ररींवर उभा आहे, हे कोडने वाचून काढणं.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. इथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नाही. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेल्या तयार कोडची फाइल म्हणजे लायब्ररी. आपण अ‍ॅक्सेसमधून एक्सेलची फाइल तयार करतो तेव्हा एक्सेलची लायब्ररी वापरतो. आणि ‘मला ही लायब्ररी लागते, तिचा पत्ता हा’ अशी जी नोंद आपल्या फाइलमध्ये होते, ती म्हणजे रेफरन्स. पाककृतीत लिहिलंय की परात शेजारच्या काकूंकडून आणा. काकू शेजारी आहेत तोवर सगळं ठीक. काकू घर सोडून गेल्या, तरी पाककृतीतलं वाक्य तसंच राहतं. अडचण तिथून सुरू होते.

हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो ते सांगते. फरीदाबाद हे कारखान्यांचं गाव. इथे एनआयटी म्हटलं की इंजिनिअरिंग कॉलेज नव्हे, न्यू इंडस्ट्रियल टाउनशिप; फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेली वस्ती. तिच्याभोवती मोठे कारखाने आले आणि त्या मोठ्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे शेकड्यांनी आले. बोल्ट, ब्रॅकेट, रबरी वॉशर, प्रेसवर दाबून काढलेले पत्रे. अशा छोट्या कारखान्यात मोठं सॉफ्टवेअर परवडत नाही. तिथे दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी अ‍ॅक्सेसमध्ये स्टॉक आणि डिस्पॅचचं काम बसवून दिलेलं असतं. बसवणारा माणूस पुढे नोकरी बदलून पुण्याला नाही तर बंगळुरूला जातो. डेटाबेस मात्र रोज चालू असतो. पुण्यात भोसरी-चिंचवडला, नाशिकला सातपूर-अंबडला, कोल्हापूरला शिरोलीला हेच चित्र आहे.

अशाच एका कारखान्यातला प्रसंग. नाव सांगत नाही, गरजही नाही. डिस्पॅचच्या टेबलावरचा जुना संगणक बंद पडला, म्हणून नवा आणला. जुन्यावर ऑफिस २००७ होतं, नव्यावर अलीकडचं ऑफिस. अ‍ॅक्सेसची फाइल उचलून नव्या संगणकावर ठेवली. फाइल उघडली, याद्या दिसल्या, सगळे खूश. दुपारी पहिली गाडी फाटकाशी लागली, चलन छापायला फॉर्म उघडला आणि एरर आली: ‘कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’. कोडच्या खिडकीत एक शब्द रंगवलेला होता: ‘फॉरमॅट’. तारीख कशी छापायची हे सांगणारं ते साधं फंक्शन.

आता कुणालाही काय वाटेल? तारखेची काहीतरी गडबड आहे. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तारखेची पद्धत बदलली. दिवस-महिना-वर्ष केलं, महिना-दिवस-वर्ष केलं. काही फरक नाही. मग ‘फॉरमॅट’ असलेली ओळ कुणीतरी बंद केली, तर एरर पुढच्या ‘लेफ्ट’वर जाऊन बसली. गाडी फाटकाशी उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि चलन हाताने लिहायचं तर नंबर पुढे कसा जुळवायचा हा प्रश्न. डिस्पॅच बघणारा मुलगा सगळ्यांना सांगतोय, “मैंने कुछ नहीं छेड़ा.” पण शेवटचा हात त्याचा लागला होता, म्हणून बोट त्याच्याकडे.

तो खरंच बोलत होता. डेटाबेसमध्ये कुणीच काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते डेटाबेसच्या बाहेरचं. चलनाच्या फॉर्मवर तारीख निवडायला एक जुनं कॅलेंडर लावलेलं होतं, ‘एमएसकॅल’ नावाच्या फाइलमधलं. अ‍ॅक्सेस २०१० पासून मायक्रोसॉफ्टने ते कॅलेंडर देणं बंद केलं. नव्या संगणकावर ती फाइलच नव्हती. रेफरन्स उरला, लायब्ररी गेली.

मग ‘फॉरमॅट’ आणि ‘लेफ्ट’चा काय दोष? काहीच नाही. आपण कोडमध्ये नुसतं ‘फॉरमॅट’ लिहितो तेव्हा तो शब्द कोणत्या लायब्ररीतला हे सांगत नाही. ते शोधणं कंपायलरचं काम. तो रेफरन्सची यादी घेऊन शोधायला निघतो, त्या यादीतली एक लायब्ररी त्याला उघडता येत नाही, आणि तो थांबतो. ज्या शब्दापाशी थांबला तो शब्द रंगवतो. म्हणून ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ‘लेफ्ट’, ‘ट्रिम’, ‘डेट’, ‘फॉरमॅट’ अशा रोजच्या फंक्शनवर ‘प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही’ अशी एरर आली, तर त्या फंक्शनकडे बघू नका. रेफरन्सची यादी बघा.

ती हाताने बघण्याचा रस्ता तुम्हाला माहीत असेल. ऑल्ट आणि एफ ११ दाबून कोडची खिडकी उघडायची, टूल्समध्ये रेफरन्सेस. तुटलेल्या ओळीपुढे ‘मिसिंग’ लिहिलेलं असतं. एरर येऊन कोड मधेच थांबला असेल तर हा पर्याय फिका दिसतो, दाबता येत नाही. आधी रीसेट करावं लागतं. एवढ्यानेच पुष्कळ जण माघारी फिरतात.

मग हाताने बघता येतं तर कोड कशाला लिहायचा? चार कारणं आहेत.

एक, ही खिडकी एकाच संगणकाबद्दल सांगते. कारखान्यात सात संगणक असतील तर सात ठिकाणी जाऊन बघावं लागतं. दोन, तुम्ही दुसऱ्या गावात असता. डिस्पॅचवरच्या माणसाला फोनवर ‘टूल्समध्ये जा, रेफरन्सेस उघड, टिक असलेल्या ओळी वाच’ सांगून बघा. त्या खिडकीत लांब पत्ता अर्धाच दिसतो, त्यामुळे त्याने नीट वाचलं तरी तुम्हाला अर्धंच कळतं. तीन, फाइल एसीसीडीई केलेली असेल तर कोडची दारं बंद असतात. आणि चार, सगळ्यात मोठं: ती खिडकी आजचं सांगते. काल काय होतं ते सांगत नाही. आणि भांडण नेहमी कालबद्दल असतं.

आता कोडकडे येऊ. अ‍ॅक्सेसमध्ये अ‍ॅप्लिकेशनच्या खाली ‘रेफरन्सेस’ नावाचा संग्रह असतो. त्यातला प्रत्येक रेफरन्स आपल्याबद्दल काही गोष्टी सांगतो. ‘नेम’ म्हणजे छोटं नाव. ‘फुलपाथ’ म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता. ‘गुइड’ म्हणजे त्या लायब्ररीचा ओळख क्रमांक. ‘मेजर’ आणि ‘मायनर’ म्हणजे आवृत्तीचे दोन आकडे. ‘काइंड’ म्हणजे प्रकार: शून्य असेल तर नोंदणी झालेली लायब्ररी, एक असेल तर दुसरी अ‍ॅक्सेस फाइलच लायब्ररी म्हणून जोडलेली आहे. ‘बिल्टइन’ म्हणजे ही अ‍ॅक्सेसची स्वतःचीच आहे का, जी काढता येत नाही. आणि ‘इजब्रोकन’ म्हणजे तुटली आहे का.

कोड वाचून दाखवते. टाइप करताना तुम्ही रोमन अक्षरांतच कराल, इथे बोलल्यासारखा लिहिला आहे:

पब्लिक फंक्शन रेफनोंद()
डिम आर अ‍ॅज ऑब्जेक्ट, एफ अ‍ॅज इंटिजर
एफ = व्हीबीए.फ्रीफाइल
ओपन (फाइलचा पत्ता) फॉर अपेंड अ‍ॅज #एफ
फॉर ईच आर इन अ‍ॅप्लिकेशन.रेफरन्सेस
इफ आर.इजब्रोकन देन
प्रिंट #एफ, "मिसिंग", आर.गुइड, आर.मेजर, आर.मायनर
एल्स
प्रिंट #एफ, "ओके", आर.नेम, आर.गुइड, आर.मेजर, आर.मायनर, आर.फुलपाथ
एंड इफ
नेक्स्ट
क्लोज #एफ
एंड फंक्शन

वाचायला सोयीचं व्हावं म्हणून दोन गोष्टींच्या मध्ये स्वल्पविराम किंवा उभी रेघ छापून घ्या. सुरुवातीला ‘व्हीबीए.नाऊ’ने तारीख-वेळही छापा.

आता प्रत्येक ओळीमागचं कारण बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

पहिली गोष्ट, मी आधी ‘इजब्रोकन’ विचारते आणि मगच नाव. हा क्रम उलटा करू नका. लायब्ररी तुटलेली असली तर तिचं नाव किंवा पत्ता विचारल्यावर एरर येऊ शकते, आणि तपासणी करणारा कोड स्वतःच बंद पडतो. ओळख क्रमांक आणि आवृत्तीचे आकडे आपल्या फाइलमध्येच लिहिलेले असतात, म्हणून तुटल्यावरही ते वाचता येतात.

दुसरी गोष्ट, ‘फ्रीफाइल’च्या आधी ‘व्हीबीए’ आणि टिंब. ही सवय इथे सक्तीची आहे. रेफरन्स तुटला की नुसते शब्द अडतात हे आपण आत्ताच पाहिलं. लायब्ररीचं नाव सांगून शब्द लिहिला तर कंपायलरला शोधत फिरावं लागत नाही. तपासणारा कोड तुटलेल्या अवस्थेत चालायला हवा, तरच त्याचा उपयोग.

तिसरी गोष्ट, मी नोंद टेबलमध्ये करत नाही, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये करते. टेबलमध्ये लिहायला पुन्हा डेटाबेसची लायब्ररी लागते, आणि उद्या तीच तुटली तर? ‘ओपन’, ‘प्रिंट’, ‘क्लोज’ या भाषेतल्याच आज्ञा आहेत, त्यांना बाहेरचं काही लागत नाही. फाइलच्या नावात संगणकाचं नाव घाला, ते ‘व्हीबीए.एन्व्हायर्न’कडून मिळतं. म्हणजे प्रत्येक संगणकाची वेगळी वही होते. आणि ती अशा फोल्डरमध्ये ठेवा जिथे सगळ्यांना लिहिण्याची परवानगी आहे.

चौथी गोष्ट खास आपल्यासाठी. शब्द मी ‘ओके’, ‘मिसिंग’ असे रोमनमध्येच ठेवले आहेत. व्हीबीएच्या खिडकीत देवनागरी टाइप केली की प्रश्नचिन्हं होतात, आणि या ‘प्रिंट’ने लिहिलेल्या फाइलमध्येही देवनागरी टिकत नाही. वापरणाऱ्याला मराठीत किंवा हिंदीत सूचना दाखवायची असेल तर ती फॉर्मवरच्या लेबलमध्ये लिहा, तिथे ती नीट दिसते. आणि फोल्डरचं नाव देवनागरीत असेल, तर नोंदीतल्या पत्त्यात प्रश्नचिन्हं येतील. लायब्ररी ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव रोमन ठेवलेलं बरं.

हे फंक्शन एका स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवा. त्यात दुसरं काहीही लिहू नका. मग ‘ऑटोएक्झेक’ नावाचा मॅक्रो करा आणि त्यातून रनकोडने हे फंक्शन बोलवा. रनकोडला फंक्शन लागतं, सब चालत नाही. आणि एक बारीक मुद्दा: अ‍ॅक्सेसच्या पर्यायांमध्ये सुरुवातीचा फॉर्म नेमून दिलेला असेल, तर तो ऑटोएक्झेकच्या आधी उघडतो आणि एरर तिथेच येते. म्हणून ती नेमणूक काढून टाका. आधी नोंद होऊ द्या, मग मॅक्रोतूनच फॉर्म उघडा. फाइल विश्वासू फोल्डरमध्ये, म्हणजे ट्रस्टेड लोकेशनमध्ये नसेल तर कोड अडवला जाऊ शकतो, तेही बघून घ्या.

फक्त ‘तुटलं आहे का, हो की नाही’ एवढंच हवं असेल तर अ‍ॅप्लिकेशनच्या खालचं ‘ब्रोकनरेफरन्स’ विचारा. खरं-खोटं असं एका शब्दात उत्तर मिळतं. पण कोणतं तुटलं, ते त्यातून कळत नाही.

आता नोंद कशी वाचायची? अ‍ॅक्सेस २००७ किंवा त्यानंतर तयार केलेल्या साध्या फाइलमध्ये चार ओळी दिसतील: व्हीबीए, अ‍ॅक्सेस, एसटीडीओएलई आणि डीएओ. याहून जास्त जे काही आहे ते कुणीतरी मुद्दाम जोडलेलं. त्या प्रत्येक ओळीपुढे विचारा: हे कशासाठी आहे, आणि अजून लागतं का? कित्येकदा उत्तर असतं की लागत नाही. कधीतरी प्रयोग करताना टिक केलं आणि राहून गेलं. असं बिनकामाचं टिकसुद्धा उद्या तुटलं की सगळा कोड अडवतं.

आवृत्तीच्या आकड्यांनी गोंधळू नका. एक्सेलची लायब्ररी खिडकीत ‘१६.०’ अशी दिसते, पण कोडने विचारलं तर मेजर १ आणि मायनर ९ येतं. एक्सेल २०१३ साठी ते १ आणि ८, २०१० साठी १ आणि ७. ओळख क्रमांक मात्र सगळ्यांचा एकच, ०००२०८१३ ने सुरू होणारा. म्हणूनच ऑफिसच्या लायब्ररींचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. जुन्या ऑफिसात केलेली फाइल नव्यात उघडली की रेफरन्स आपोआप वरच्या आवृत्तीवर सरकतो. उलट होत नाही. एकच फाइल नेटवर्कवर ठेवून सगळे वापरत असतील, आणि एकाच्या संगणकावर नवं ऑफिस आलं, त्याने फाइल उघडून कोडसकट सेव्ह केली, की बाकीच्यांकडे ‘मिसिंग’. ज्याच्यामुळे झालं त्याच्याकडे सगळं सुरळीत चालतं, आणि ज्यांनी काही केलं नाही ते अडकतात. म्हणून टेबलांची फाइल सर्व्हरवर आणि फॉर्मची फाइल प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी, ही जुनी शिस्त पाळा.

यादीतला क्रमही महत्त्वाचा, म्हणून कोड ज्या क्रमाने छापतो तो तसाच ठेवा. डीएओ आणि एडीओ या दोन्ही लायब्ररींत ‘रेकॉर्डसेट’ नावाची वस्तू आहे. तुम्ही नुसतं ‘रेकॉर्डसेट’ लिहिलं तर यादीत जी वर असेल तिचा घेतला जातो, आणि मग ‘टाइप मिसमॅच’. ‘डीएओ.रेकॉर्डसेट’ असं पूर्ण लिहिलं की प्रश्न मिटतो.

कधी दोष ऑफिसचाही नसतो. २०११ साली विंडोज ७ चा पहिला सर्व्हिस पॅक आला तेव्हा, तो बसवलेल्या संगणकावर एडीओ वापरून तयार केलेले प्रोग्राम जुन्या विंडोजवर चालेनासे झाले होते. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. आजकाल ३२ आणि ६४ बिटचा प्रश्न जास्त येतो. २०१९ पासून ऑफिस आपणहून ६४ बिटचं बसतं, आणि ३२ बिटची जुनी लायब्ररी त्यात चढत नाही. फाइल डिस्कवर समोर दिसत असते, तरी रेफरन्स तुटलेला.

आता तुम्ही विचाराल, तुटलेलं कोडनेच जोडून का टाकू नये? ‘अ‍ॅडफ्रॉमगुइड’, ‘अ‍ॅडफ्रॉमफाइल’, ‘रिमूव्ह’ या आज्ञा आहेत. पण एसीसीडीई फाइलमध्ये रेफरन्स बदलता येत नाहीत, आणि साध्या फाइलमध्येही रोज सकाळी आपोआप दुरुस्ती करणारा कोड काय बदलतोय हे कुणाला कळत नाही. माझा सल्ला: वाचणारा कोड रोज चालवा, बदल माणसाने समजून-उमजून करावा. आणि एक्सेल, वर्ड, आउटलुक यांच्यासाठी तर रेफरन्सच ठेवू नका. ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने गरजेच्या वेळी बोलवा. मग तिथे कोणतीही आवृत्ती असो, चालते. फक्त त्या लायब्ररीतले नावाचे स्थिरांक आकड्यांत लिहावे लागतात. एक्सेलचं ‘एक्सएलअप’ म्हणजे उणे ४१६२, असं.

त्या कारखान्यात दुरुस्ती अगदी छोटी होती. फॉर्मवरचं जुनं कॅलेंडर काढलं, रेफरन्सची टिक काढली, आणि तारखेच्या चौकटीला अ‍ॅक्सेस २००७ पासून स्वतःचंच कॅलेंडर मिळतं, ते चालू केलं. अर्धा दिवस गेला तो दुरुस्तीत नव्हे, शोधण्यात. आणि त्या मुलाचा तो अर्धा दिवस ‘तूच काहीतरी केलंस’ हे ऐकण्यात.

तिथे आता प्रत्येक संगणकाची नोंद रोज सकाळी होते. जुन्या नोंदीत नावासकट ओळख क्रमांक असतो. उद्या काही तुटलं तर नव्या नोंदीत फक्त क्रमांक येईल. तो जुन्या नोंदीत शोधला की नाव कळतं, आणि तारीख बघितली की कोणत्या दिवसापासून तुटलं तेही कळतं. जुनी नोंद नसेल तर तोच क्रमांक म्हणजे नुसती अक्षरांची आणि आकड्यांची माळ. म्हणून ही यादी सगळं नीट चालू असतानाच काढायची असते.

तर आज करायची कामं तीन. तुमची फाइल ज्या संगणकावर उत्तम चालते तिथे हे फंक्शन चालवा आणि ती नोंद छापून फाइलीत लावा. चारपेक्षा जास्त असलेल्या प्रत्येक ओळीपुढे ‘कशासाठी’ ते हाताने लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल, कागदावर प्रश्नचिन्हं होत नाहीत. आणि नवा संगणक आला की गाडी फाटकाशी लागायच्या आधी, सकाळीच, त्याची नोंद जुनीशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या भागात लेट बाइंडिंग सविस्तर बघू.